मूकपटातील मोहिनी : कमलाबाई गोखले

(व्याख्यानाची संहिता)



भस्मासुराची कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? शंकराकडून वर मिळताच उन्मत्त झालेला तो असुर वर देणाऱ्याच्याच मस्तकावर हात ठेवावयास धावला. शंकर पुढे आणि असुर मागे, अशी धावाधाव सुरू झाली. तेव्हा विष्णूने मोहिनीचे रूप घेतले आणि असुराला नृत्याचे आव्हान दिले. मोहिनी जे हावभाव करील ते असुराने करावयाचे, अशी अट होती. नाचता नाचता मोहिनीने आपला हात आपल्या मस्तकावर ठेवला. भान हरपलेल्या असुरानेही तेच केले आणि क्षणात त्याचे भस्म झाले. कीर्तनांतून आणि लोकनाट्यांतून पिढ्यान् पिढ्या ऐकलेली व पाहिलेली ही कथा.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ही कथा पडद्यावर आणली. चित्रपटाचे नाव होते ‘मोहिनी भस्मासुर’. त्यातील मोहिनी अवघ्या तेरा वर्षांची होती. तिचे नाव कमला. त्याच चित्रपटात पार्वतीची भूमिका करणाऱ्या दुर्गाबाई कामत या तिच्या मातोश्री. भारतीय चित्रपटात स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करण्याचा हा पहिला प्रसंग होय. पुढे कमलाबाई गोखले या नावाने ओळखली गेलेली ही अभिनेत्री मूकपट, संगीत नाटक आणि बोलपट अशा तिन्ही क्षेत्रांत वावरली.

‘पहिली अभिनेत्री’ हे विशेषण कमलाबाईंच्या नावामागे कायमचे जोडले गेले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि पहिले ठरणे हा पुष्कळदा योगायोगाचा भाग असतो. तेरा वर्षांच्या मुलीने इतिहास घडविण्याच्या हेतूने तोंडाला रंग लावला नव्हता. तिचे खरे कर्तृत्व त्यानंतरच्या दीर्घ वाटचालीत आहे. ज्या उंबरठ्यावर समाजाने ‘प्रवेश बंद’ अशी पाटी लावली होती, तो ओलांडून ती आत आली आणि आयुष्यभर तेथे उभी राहिली. आजच्या विवेचनाचा रोख या टिकून राहण्यावर आहे.

पुरुषांनी वठविलेल्या स्त्रिया

कमलाबाईंचे धाडस समजण्यासाठी त्या काळच्या रंगभूमीचे स्वरूप पाहिले पाहिजे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचे नवे युग सुरू झाले. या रंगभूमीवरील शकुंतला, सुभद्रा, भामिनी या साऱ्या नायिका पुरुष नटांनी रंगविल्या. भाऊराव कोल्हटकरांनी या परंपरेचा पाया भक्कम केला. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांनी तर तिला कळस चढविला. त्यांचे लुगडे नेसणे, पदर सावरणे, दागिने घालणे यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, अशी त्यांची ख्याती होती. स्त्रीने कसे दिसावे याचा आदर्श एका पुरुषाने घालून द्यावा आणि प्रत्यक्ष स्त्रीने मात्र रंगमंचावर पाऊल ठेवू नये, अशी ही विलक्षण परिस्थिती होती.

या बंदीमागे कोणताही लेखी कायदा नव्हता, पण लोकरूढीचा कायदा लेखी कायद्याहून कठोर असतो. नाटक मंडळ्यांचे जीवन फिरतीचे. आज एका गावी मुक्काम, महिन्याने दुसऱ्या गावी. रात्र रात्र चालणारे प्रयोग, परक्या माणसांबरोबरचे बिऱ्हाड आणि तोंडाला रंग लावून परपुरुषासमोर प्रेमाची भाषा बोलणे, यांपैकी काहीही ‘कुलीन’ म्हणविणाऱ्या स्त्रीला शोभणारे नाही, असे समाजाचे मत होते. तमाशाच्या फडात नाचगाणे करणाऱ्या स्त्रिया होत्या. काही ठिकाणी केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही निघाल्या होत्या. परंतु त्यांच्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी अनुदारच राहिली. रंगमंचावर येणारी स्त्री आणि प्रतिष्ठा या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हे जणू गृहीतच धरलेले होते.

फाळक्यांनाही हाच अनुभव आला. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा पहिला चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी खुला झाला. त्यातील तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांनी स्त्रीचा कसून शोध घेतला. समाजाने बहिष्कृत मानलेल्या वस्त्यांपर्यंत ते गेले. तेथूनही नकारच आला. नाटकात काम करणे कमीपणाचे, तर या नव्या यंत्रापुढे उभे राहणे त्याहूनही कमीपणाचे, असे मानले जात होते. अखेर मुंबईतील एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला त्यांनी तारामती केले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने मात्र १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बालकृष्ण साकारला. पुरुष सीता झाला, बालिका कृष्ण झाली, पण प्रौढ स्त्रीने स्त्री होणे तेवढे अवघड राहिले.

मातेचा निर्णय

अशा काळात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या पुढे आल्या. त्या का आल्या हे पाहण्यासारखे आहे. कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. वडील आनंद नानोसकर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापन करीत. परंतु दुर्गाबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि लहानग्या मुलीला घेऊन एकट्या राहू लागल्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी पतीपासून वेगळ्या झालेल्या स्त्रीपुढे उपजीविकेचे मार्ग किती होते? महर्षी कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमाची स्थापना १८९६ ची. पुण्याचे सेवासदन १९०९ चे आणि महिला विद्यापीठ १९१६ चे. म्हणजे स्त्रियांना शिकवून त्यांच्या पायांवर उभे करण्याचे प्रयत्न नुकतेच अंकुरत होते. त्या सावलीत येऊ न शकलेल्या स्त्रीने माहेरी आश्रित म्हणून राहावे, नाहीतर परक्या घरी स्वयंपाकपाणी, धुणीभांडी करावी, एवढेच तिच्या वाट्याला येई. दुर्गाबाईंनी नाटकाचा मार्ग स्वीकारला. याची किंमत त्यांना मोजावी लागली. आप्तेष्टांनी व समाजाने त्यांना दूर लोटले. पण त्यांनी आपल्या आणि मुलीच्या पोटाचा प्रश्न स्वतःच्या कष्टाने सोडविला.

कमला वयाच्या चौथ्या वर्षीच रंगमंचावर उभी राहिली. नाटक मंडळीचे बिऱ्हाड हेच तिचे घर झाले आणि विंग हीच तिची शाळा. ज्या वयात इतर मुली भातुकली मांडीत, त्या वयात तिने पाठांतर, ताल, हातवारे आणि प्रेक्षकांच्या नजरा यांचे शिक्षण घेतले.

स्त्रीमुक्तीचा इतिहास सांगताना सभा, ठराव आणि ग्रंथ यांचा उल्लेख होतो व तो झालाच पाहिजे. पण अनेक बंद दारे प्रथम उघडली ती पोटासाठी घराबाहेर पडलेल्या स्त्रियांनी, हेही विसरून चालणार नाही. दुर्गाबाईंनी कोणतीही घोषणा दिली नाही. मुलीचा हात धरून त्या चालू लागल्या, एवढेच.

ऊन, फीत आणि मुद्राभिनय

‘राजा हरिश्चंद्र’च्या यशानंतर फाळक्यांनी आपला मुक्काम मुंबईहून नाशिकला हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’ हा त्यानंतरचा त्यांचा चित्रपट. त्या वेळी दुर्गाबाई आणि कमला या चित्ताकर्षक नाटक मंडळीत होत्या. गोखले बंधूंची ही मंडळी. तेथून या मायलेकी फाळक्यांच्या चित्रपटात आल्या. चित्रपटाची लांबी सुमारे ३,२०० फूट होती. त्या काळी सेकंदाला साधारणतः सोळा चौकटी या वेगाने चित्रण होई आणि एका फुटात सोळा चौकटी बसत. या हिशेबाने तो सुमारे पाऊण ते एक तास चालणारा होता. त्याच्या जोडीला ‘पिठाचे पंजे’ ही छोटीशी विनोदी फीतही दाखविली जाई.

नाटकातून आलेल्या कलावंताला मूकपटातील काम किती वेगळे वाटले असेल याची कल्पना त्या वेळच्या तंत्रावरून येते. संगीत नाटकाचा सारा डोलारा आवाजावर उभा असे. ध्वनिवर्धक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवावयाचा आणि पद रंगले की ‘वन्स मोअर’ घ्यावयाचा, यातच नटाची कसोटी लागे. मूकपटात आवाजाला काहीच स्थान नव्हते. कथेचा धागा जोडण्यासाठी मधूनमधून अक्षरपाट्या दाखवीत. बाकी सर्व काही डोळे, हात आणि शरीराची ठेवण यांनी सांगावे लागे.

दुसरा फरक प्रकाशाचा. नाटक रात्री दिव्यांच्या उजेडात होई, तर मूकपटाचे चित्रण दिवसा भर उन्हात चाले. नेपथ्य उघड्या जागी उभारावे लागे. आकाशात ढग आले की काम थांबे. त्या काळच्या फितीला लाल रंगाची जाण नव्हती. लाल रंग पडद्यावर काळपट दिसे व निळा पांढुरका दिसे. त्यामुळे रंगभूषा आणि वस्त्रांची निवड यांचा वेगळा विचार करावा लागे. कॅमेरा हाताने फिरवावयाचा. चालविणाऱ्याचा हात संथ झाला की पडद्यावरील माणूस धावू लागे आणि हात घाईत फिरला की तोच माणूस रेंगाळू लागे.

तिसरा फरक सर्वांत मोठा. समोर प्रेक्षक नसत. टाळी नाही, दाद नाही, चूक झाली तर सावरून घेणारा साथीदार नाही. कथेचा शेवट आधी चित्रित व्हावा आणि आरंभ मागाहून, असेही घडे. वयाच्या चौथ्या वर्षापासून प्रेक्षकांच्या सहवासात वाढलेल्या मुलीला या निःशब्द यंत्रासमोर मोहिनी व्हावयाचे होते. सुदैवाने ही कथाच अशी होती की तिचा गाभा नृत्यात आणि एका हालचालीत साठविलेला आहे. मस्तकावर ठेवलेला हात, एवढ्यात कथेचा निकाल लागतो. तेथे संवादाची गरज नाही. मूकपटासाठी याहून योग्य कथानक शोधून सापडले नसते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मोहिनी हे पुराणकथेत विष्णूने, म्हणजे पुरुष देवतेने घेतलेले स्त्रीरूप आहे. स्त्रीवेष घेणाऱ्या नटाला यापेक्षा सोयीची भूमिका कोणती? रूढीचे समर्थन करावयाचे तर ते येथे सहज करता आले असते. तरीही नेमक्या याच भूमिकेसाठी कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष मुलगी उभी राहिली.

कंपनीचे बिऱ्हाड आणि संसार

चित्रपट पूर्ण झाल्यावर कमलाबाई पुन्हा रंगभूमीकडे वळल्या. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. रघुनाथरावांनी पूर्वी किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका केल्या होत्या. वयोमानाने आवाज फुटल्यावर ते बंधूंच्या मंडळीत आले. एके काळी स्त्रीवेष घेणारा नट आणि स्त्रीभूमिका स्त्रीनेच करावी या नव्या काळाची अभिनेत्री यांचा हा संसार होता. मराठी रंगभूमीच्या दोन युगांची गाठ या एका घरात पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

नाटक मंडळीतील संसार म्हणजे पेट्या, पडदे आणि प्रवास यांचा संसार. पावसाळ्यात एखाद्या गावी दीर्घ मुक्काम, उघडीप झाली की पुन्हा फिरती. सामान रेल्वेने आणि रेल्वे नसेल तेथे बैलगाडीने जावयाचे. उत्पन्न अनिश्चित. एखादा खेळ रंगला की चार दिवस बरे जात. साथीचा आजार पसरला किंवा पाऊस लांबला की रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळ करावा लागे. अशा जीवनात मुले वाढवावयाची, पाठांतर करावयाचे आणि रात्री रंग लावून उभे राहावयाचे. आज नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या दुहेरी श्रमाविषयी बोलले जाते. ते श्रम कमलाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी उपसले.

त्यांच्या वयाच्या पंचविशीच्या सुमारास रघुनाथरावांचे निधन झाले. ज्या समाजात विधवेने मंगलकार्यात समोर येऊ नये असा दंडक होता, त्या समाजात एका तरुण विधवेने तोंडाला रंग लावून हजारो लोकांपुढे उभे राहावयाचे, हा प्रसंग सोपा नव्हता. पण काम थांबविणे परवडणारे नव्हते. तीन मुलगे वाढवावयाचे होते. आईने मुलीसाठी जे केले, तेच मुलीने आता आपल्या मुलांसाठी केले. त्यांनी अभिनय सोडला नाही.

या तिन्ही मुलांनी पुढे आपापल्या क्षेत्रात नाव मिळविले. चंद्रकांत गोखले (१९२१–२००८) हे मराठी रंगभूमीवरील व चित्रपटातील अत्यंत आदरणीय अभिनेते. लालजी गोखले आणि सूर्यकांत गोखले हे दोघेही तबलावादक. चंद्रकांत गोखले यांचे पुत्र विक्रम गोखले (१९४५–२०२२) यांनी मराठी व हिंदी चित्रपट, नाटक आणि दूरचित्रवाणी या सर्व माध्यमांत अभिनयाचा ठसा उमटविला. ‘अनुमती’ या मराठी चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. समाजाने जिला दूर लोटले त्या दुर्गाबाईंच्या घराण्याची चौथी पिढी राष्ट्रीय सन्मानास पात्र ठरली.

पडदा बोलू लागला

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि पडद्याला वाचा फुटली. पाठोपाठ १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला. या स्थित्यंतराने दोन मोठे बदल घडविले. पहिला बदल नाटक मंडळ्यांसाठी घातक होता. प्रेक्षक बोलपटांकडे वळला, अनेक नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली आणि मोठमोठ्या मंडळ्या मोडकळीस आल्या. दुसरा बदल स्त्रियांच्या दृष्टीने अनुकूल होता. कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ गेला आणि ध्वनिमुद्रण इतके स्पष्ट झाले की पुरुषाने स्त्री होणे आता जमण्यासारखे राहिले नाही. ‘अयोध्येचा राजा’तील तारामती दुर्गाबाई खोटे यांनी केली. म्हणजे ज्या भूमिकेसाठी १९१३ मध्ये एकही स्त्री मिळाली नव्हती, तीच भूमिका एकोणीस वर्षांनी एका सुशिक्षित घरातील स्त्रीने केली. प्रत्यक्ष बालगंधर्वही १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात आले, पण ते संत एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत.

रंगभूमीवरही वारे बदलले. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि प्रतिष्ठित प्रेक्षकांनी त्याचे स्वागत केले. पुस्तकांत या घटनेची नोंद ठळकपणे होते. परंतु त्यापूर्वी वीस वर्षे कमलाबाईंसारख्या स्त्रिया फिरत्या मंडळ्यांतून, गावोगावच्या मंडपांतून स्त्रीभूमिका करीत होत्या. ‘स्त्रीचे काम स्त्रीने करावे’ हा विचार नाट्यपंडितांना पटण्यापूर्वी सामान्य प्रेक्षकांच्या डोळ्यांना त्याची सवय यांनीच लावली होती.

बोलपटात रंगभूमीवरचा कसलेला आवाज उपयोगी पडू लागला. मूकपटात ज्या आवाजाला वाव नव्हता, तो आता कमलाबाईंच्या कामी आला. त्यांनी एकूण सुमारे ३५ चित्रपटांतून भूमिका केल्या. नायिकेचे वय उलटल्यावर त्यांनी चरित्र भूमिका स्वीकारल्या आणि मोठ्या भूमिकेचा आग्रह न धरता काम करीत राहिल्या. १९८० सालचा ‘गहराई’ हा हिंदी चित्रपट त्यांचा अखेरचा. १९१३ ते १९८० म्हणजे तब्बल सदुसष्ट वर्षे होतात. हाताने फिरविलेल्या कॅमेऱ्यापासून रंगीत चित्रपटापर्यंतचा भारतीय चित्रपटाचा सारा प्रवास एका स्त्रीच्या कामाच्या आयुष्यात सामावला.

हरवलेल्या फिती, उरलेला आवाज

भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निर्माण झाले. त्यांतील अगदी थोडे आज पाहावयास मिळतात. त्या वेळची फीत नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई आणि नीट न ठेवल्यास आपोआपही विरून जाई. शिवाय बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात मोल उरले नाही. त्यांतील चांदी काढण्यासाठीही फिती विकल्या गेल्या. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जुन्या फिती जमविल्या. तरीही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील साठवणगृहाला लागलेल्या आगीत नायट्रेटच्या अनेक फिती नष्ट झाल्या. चित्रपटाचे जतन ही चैन नसून इतिहासाचे जतन आहे, हे या हानीने पुन्हा दाखवून दिले.

कमलाबाईंच्या बाबतीत मात्र एक भाग्याची गोष्ट घडली. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ या नावाचा माहितीपट तयार केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. नव्वदीच्या घरात पोहोचलेल्या कमलाबाई त्या वेळी पुण्यात राहत होत्या. कॅमेऱ्यासमोर बसून त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या. पहिल्या चित्रपटात ज्या मुलीचा शब्दही कोणाला ऐकू आला नाही, ती वृद्धापकाळी पडद्यावरून स्वतःच्या आयुष्याविषयी स्वतःच्या आवाजात बोलली. वयाची शंभरी गाठण्यास दोन-तीन वर्षे उरली असताना त्यांची जीवनयात्रा संपली.

आपल्यासाठी बोध

कमलाबाईंच्या चरित्रातून ग्रामीण भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी काय घ्यावे? दोन गोष्टी प्रामुख्याने सांगता येतील.

पहिली गोष्ट स्थानिक इतिहासाच्या जतनाविषयी. नाटक मंडळ्या आणि फिरते तंबू-चित्रपट महाराष्ट्रातील शेकडो गावांतून गेले. त्यांच्या जाहिराती, हस्तपत्रके, हिशेबाच्या वह्या, छायाचित्रे, जुने पडदे आजही कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेत पडून आहेत. वाळवी, ओल आणि घराची डागडुजी यांत ती रोज नष्ट होत आहेत. शाळेच्या एखाद्या उपक्रमात विद्यार्थ्यांनी गावातील वृद्ध कलावंतांच्या आठवणी लिहून घेतल्या, ग्रंथालयाने जुनी कागदपत्रे एका कपाटात सांभाळली, पंचायतीने त्यासाठी कोरडी व सुरक्षित जागा दिली, तर फार मोठ्या खर्चाशिवाय पुष्कळ काही वाचेल. एका वयोवृद्ध अभिनेत्रीकडे वेळीच कॅमेरा पोहोचला म्हणून तिचा आवाज उरला. आपल्या गावातील आवाजांपर्यंत पोहोचण्यास विलंब होऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्यात स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. हजारो स्त्रिया सरपंच आणि सदस्य झाल्या. त्यांतील अनेकींनी पाणी, शाळा, आरोग्य या प्रश्नांवर स्वतः निर्णय घेऊन उत्तम काम केले. परंतु काही गावांत अजूनही खुर्ची पत्नीची आणि कारभार पतीचा, असा प्रकार आढळतो. सभेत बोलतो तो, सही कोठे करावयाची हे सांगतो तो, आणि सरपंच म्हणून नाव तेवढे तिचे. हा स्त्रीपार्टच होय. फरक इतकाच की रंगभूमीवरचा नट निदान लुगडे नेसून कलेशी इमान राखीत असे.

रंगभूमीवरून तो स्त्रीपार्ट कसा गेला? ‘बायकांना हे जमणार नाही’ असे म्हणणाऱ्यांशी वाद घालून तो गेला नाही. स्त्रिया रंगमंचावर आल्या, अडखळल्या, शिकल्या आणि उभ्या राहिल्या, तेव्हा तो आपोआप अनावश्यक ठरला. पंचायतीतही दुसरा मार्ग नाही. प्रथमच निवडून आलेल्या भगिनीला बोलू द्यावे, चुकू द्यावे आणि कामाची माहिती द्यावी. सभेत तिच्या वतीने दुसऱ्याने उत्तर दिले तर अध्यक्षांनी आणि अधिकाऱ्यांनी ते उत्तर स्वीकारू नये. तिची नक्कल दुसऱ्याने करण्याऐवजी तिची भूमिका तिनेच करावी, याची जबाबदारी साऱ्या गावाची आहे.

‘मोहिनी भस्मासुर’ला एक शतक उलटून गेले. त्या कथेतील असुर कोणाच्या शस्त्राने मेला नाही. मोहिनीने हात उचलला आणि तो आपल्याच हाताने भस्म झाला. रूढीचेही पुष्कळदा तसेच होते. तेरा वर्षांच्या कमलाने रूढीवर शस्त्र उगारले नाही. ती आपले काम करीत राहिली, पुढे विवाह झाला, वैधव्य आले, मुले मोठी झाली, केस पांढरे झाले, तरीही करीत राहिली. त्या कामापुढे जुनी रूढी उभी राहू शकली नाही. कमलाबाई गोखले यांना ‘पहिली अभिनेत्री’ म्हणून वंदन करताना, सदुसष्ट वर्षांच्या त्या अखंड कामालाही तितक्याच आदराने वंदन केले पाहिजे.